शून्यापर्यंत पाणी

फोन आला तेव्हा मी मॉप मोजत होते. पोटाचं ऑपरेशन संपत आलं, की टाके घालण्याआधी रक्त टिपायची कापडं मोजावी लागतात. आत दिलेली सगळी बाहेर आली ना, हे सिस्टरने मोठ्याने मोजून सांगायचं आणि मगच सर्जनने सुई हातात घ्यायची. मी अकरावर आले होते. ऑफिसातल्या क्लार्कबाई दारापर्यंत आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "सिस्टर, जळगावहून फोन होता. देवरे डॉक्टर सकाळी गेले." सर्जनने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. वीस भरले, तसं सांगितलं. रडू आलं ते नंतर, हात धुताना... आणि तेव्हाही पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता सांगायचं राहिलं ते राहिलंच.

त्याला आता पाच आठवडे झाले. देवरे सरांवर लिहायचं तर त्यांच्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारी माणसं खानदेशात पुष्कळ आहेत, त्यांच्या हाताखाली तयार झालेले डॉक्टरच किती. मी साधी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. पण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट परवापरवापर्यंत माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती, आणि ती न सांगता मी आणखी किती वर्षं मॉप मोजत राहणार.

धुळ्याच्या एका हॉस्पिटलात मी रावेरहून बदलून गेले, ते संक्रांतीनंतर. आमच्या घरी केळीच्या बागा, आबांना मुलीने एवढ्या लांब जाणं पसंत नव्हतं. पहिल्याच दिवशी थिएटरमध्ये मला एक उंच, सडपातळ, कानावरचे केस पिकलेले गृहस्थ दिसले. पेशंटच्या डोक्याशी स्टुलावर बसलेले, हातात काळा रबरी फुगा. भूल देऊन पेशंटचे स्नायू औषधाने सैल केले की त्याचा स्वतःचा श्वास थांबतो, मग तो श्वास फुग्याने द्यावा लागतो. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा, दोन-दोन तास. यंत्रावर सोडून चहाला जाण्याची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. गावाकडून आलेले पेशंट त्यांना फुगावाला डाक्टर म्हणायचे आणि सरांना ते फार आवडायचं. स्वतःची ओळखही ते कधीकधी तशीच करून द्यायचे.

भूल देण्याआधी पेशंटशी बोलायची त्यांची एक पद्धत होती. टेबलावर आडव्या झालेल्या बाईचा हात हातात घेऊन ते तिच्या बोलीत बोलायचे. शिंदखेड्याकडच्या एका म्हातारीने थरथरत विचारलं होतं, "डाक्टरभाऊ, मी परत उठसू ना?" सर म्हणाले, "उठशी ना माय. तुना सास मना हातमा शे." म्हातारी तेवढ्यावर शांत झाली. तुझा श्वास माझ्या हातात आहे, हे ऐकून मला मात्र भीतीच वाटली होती, एवढी जोखीम माणूस रोज सकाळी इतक्या सहज कशी घेतो म्हणून. ती सहज नव्हती, हे पुढे कळलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या हातून एक तरुण शिंपी गेला होता. घशातून घातलेली नळी सरकून एकाच फुप्फुसात गेली, दुसऱ्यात हवाच जाईना, आणि फुगा दाबणाऱ्या हाताला ते वेळेवर समजलं नाही. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं, चहा पिता पिता. तोवर त्यांना वाटायचं की आपल्या हाताला सगळं कळतं. त्यानंतर त्यांनी हातावर विश्वास ठेवणं सोडलं आणि मोजायला सुरुवात केली.

मोजायचं म्हणजे काय, ते त्यांनी मला जसं समजावलं तसंच सांगते. जत्रेतला नवा फुगा फुगवायला गाल दुखतात आणि दोन-चारदा फुगवून सैल झालेला फुगा एका फुंकरीत फुगतो. माणसाची फुप्फुसंही कुणाची ताठ, कुणाची मऊ. आत किती हवा गेली आणि ती ढकलायला किती दाब लागला, हे दोन्ही कळलं की फुप्फुस मऊ की ताठ ते कळतं. आणि ऑपरेशन चालू असताना मऊ असलेलं अचानक ताठ झालं, तर समजायचं की आत काहीतरी बिघडलंय. हवा मोजायला त्यांच्याकडे कुणा मित्राने दिलेलं घड्याळासारखं एक छोटं यंत्र होतं. दाब मोजायला काहीच नव्हतं, म्हणून तो मोजायचं साधन त्यांनी घरीच तयार केलं होतं. जळगावच्या पाइपच्या दुकानातून आणलेली पारदर्शक नळी, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर ठोकलेली. मध्ये दोन लाकडी फूटपट्ट्या शून्याला शून्य भिडवून बसवलेल्या, एक वर मोजत जाणारी, दुसरी खाली. नळीत शून्यापर्यंत पाणी आणि पाणी दिसावं म्हणून त्यात वॉर्डातल्या लाल औषधाचा एक दाणा. नळीचं एक तोंड पेशंटच्या श्वासाच्या नळीला जोडलेलं, दुसरं उघडं. फुगा दाबला की एका बाजूचं पाणी खाली जायचं, दुसऱ्या बाजूचं वर चढायचं. सर क्षणभर दाब तसाच धरून ठेवायचे, तेवढ्यात वाचायचं.

ही फळी ते मुद्दाम स्वतःच्या पाठीमागे लावत. आधी हाताला काय वाटलं तो आकडा ते मोठ्याने सांगायचे आणि मग मी नळीचा आकडा वाचायचा आणि दोन्ही वहीत लिहायचे. वहीत दोन रकाने होते, एक हात आणि एक नळी. माझ्या आधी ते पुरुषांच्या ऑपरेशनांना हे करत आणि मान वळवून स्वतःच वाचत. मी आले तेव्हा त्यांनी बायकांच्या ऑपरेशनांना सुरुवात केली होती आणि वाचायला एक माणूस हवा होता. पहिल्या दिवशी त्यांनी मला फळीजवळ उभं करून सगळं समजावून सांगितलं. मी त्या वेळी एकीकडे ट्रेवरचे चिमटे लावत होते आणि हो हो म्हणत होते. नवीन जागी सगळं येतं असं दाखवायची माझी जुनी खोड आहे.

सर म्हणाले, "सोळा." मी वर चढलेलं पाणी बघितलं आणि म्हटलं, "आठ." त्यांनी मान वाकडी करून फुग्याकडे बघितलं आणि हसले. दुसऱ्या बाईला पंधरा म्हणाले, मी साडेसात वाचले. असंच चाललं. दहा-बारा दिवसांनी सर वही पुन्हा पुन्हा चाळू लागले आणि महिनाभराने भलतेच खुशीत दिसायला लागले. एक दिवस थिएटरच्या चहाच्या खोलीत त्यांनी वही उघडून मला आकडे दाखवले. पुस्तकांतल्या परदेशी माणसांच्या आणि आपल्याकडच्या पुरुषांच्या मानाने आपल्या बायांची फुप्फुसं जवळजवळ दुप्पट मऊ आहेत, असं निघत होतं. का, तर त्यांचं उत्तर तयार होतं. लहानपणापासून कापूस वेचणं, डोक्यावरून पाणी वाहणं, जात्यावर ओव्या म्हणणं... छाती मोकळी होते. "आपल्या बायांनी एवढे कष्ट उपसले सिस्टर, त्यातून हे एक तरी चांगलं निघालं," असं ते म्हणाले, आणि मलाही माझ्या आईचा, काकूंचा अभिमान वाटला. त्यांनी त्यावर निबंध लिहिला. पुण्याला मे महिन्याच्या शेवटी डॉक्टरांचं अधिवेशन होतं, तिथे तो वाचायला निवडला गेला.

मग काय विचारता. अक्कांनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्यांना नवा सफारी शिवून घेतला. गल्लीत पेढे वाटले. सरांचं सगळं शिक्षण मराठीतून आणि कॉलेजात गेल्यावर इंग्रजीने त्यांना घाम फोडलेला, त्यामुळे ते रोज संध्याकाळी आरशासमोर उभं राहून निबंध वाचायचे आणि अक्का पलंगावर बसून ऐकायच्या. अक्कांना इंग्रजी कळत नव्हतं, पण अडखळले की त्या बोट वर करायच्या. हे सगळं सर आम्हाला थिएटरमध्ये रंगवून सांगायचे. त्याच दिवसांत सर म्हणू लागले, की हातालाही आता बरोबर कळायला लागलंय. पूर्वी सोळा म्हणायचे, ते आता दहा, नऊ म्हणू लागले होते. नळी सांगते ते खरं, म्हणून त्यांनी आपल्या हाताला नवं वळण लावलं होतं.

अधिवेशनाला तीन दिवस उरले असताना एरंडोलकडचे एक तरुण डॉक्टर भूल शिकायला आमच्याकडे रुजू झाले. त्या दिवशी माझे हात निर्जंतुक हातमोज्यांत होते, वही धरता येत नव्हती, म्हणून सरांनी त्यांना नळी वाचायला सांगितलं. सर म्हणाले, "नऊ." ते डॉक्टर म्हणाले, "वर सात, खाली नऊ. एकूण सोळा, सर." सरांनी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच, वर सात, खाली नऊ. सर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही सांगा." मी मान वळवली, पाणी बघितलं आणि सवयीने म्हटलं, "सात."

म्हणता म्हणताच मला कळलं. पहिल्या दिवशीचं सरांचं वाक्य, ट्रेवरच्या चिमट्यांच्या आवाजासकट, जसंच्या तसं कानात वाजलं. वरचं आणि खालचं, दोन्ही वाचायचं आणि बेरीज करायची, असं त्यांनी सांगितलं होतं. मी चार महिने फक्त वर चढलेलं पाणी वाचत होते. सर त्या डॉक्टरांना समजुतीच्या सुरात म्हणाले, की असू दे, नवीन आहात, शिकाल. आणि तो भला माणूस माझ्याकडे एकदा बघून गप्प बसला. ऑपरेशन चालू होतं, मी चिमटे देत राहिले.

दुपारी दोनला मी चहाच्या खोलीत गेले. सर एकटेच होते, निबंधाचे कागद पुढ्यात. मी फक्त वरचंच पाणी वाचत होते, हे उभ्या उभ्याच सांगितलं. ते ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर ते वहीकडे वळतील, निदान निबंधाकडे बघतील असं मला वाटलं. ते उठले आणि वॉर्डाच्या ऑफिसात गेले. तिथलं रजिस्टर काढून त्यांनी त्या चार महिन्यांतल्या एकेका बाईचं नाव शोधलं, ती घरी गेली का, कितव्या दिवशी गेली, मधे काही त्रास झाला का. हात चुकीचा शिकला होता, त्याने कुणाला इजा झाली का, हे त्यांना आधी बघायचं होतं. तासभर लागला. सगळ्या घरी गेल्या होत्या. मग ते खुर्चीवर टेकले आणि त्यांनी चष्मा काढला.

मी म्हटलं, "सर, सगळे आकडे दुप्पट केले तर?" ते मला हाताला धरल्यासारखं फळीपाशी घेऊन गेले. नळीत दाब नव्हता, पाणी दोन्हीकडे सारखं उभं होतं, पण शून्यावर नव्हतं. करंगळीच्या रुंदीएवढं खाली होतं. धुळ्याचा मे महिना, थिएटरचा एसी बंद पडलेला. पाणी रोज आटत होतं. दोन्ही बाजू वाचल्या असत्या तर आटल्याने फरक पडला नसता, एका बाजूचं कमी भरलं ते दुसऱ्या बाजूने भरून निघालं असतं. एकच बाजू वाचल्यामुळे आटलेलं पाणीही माझ्या आकड्यांत शिरलं होतं. आटलेलं दिसलं की कधी मी ओतायची, कधी आणखी कोणी. कुठल्या दिवशी किती आटलं होतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. "दुप्पट कशाची करायची, सिस्टर?" ते म्हणाले. मग वही उघडून त्यांनी हाताचा रकाना बघितला. पहिल्या महिन्यातले सोळा, पंधरा, सतरा. "हाताला कळत होतं हो," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी तुम्हाला दोन्ही बाजू वाचायला सांगितलं नव्हतं का?" आवाजात राग नव्हता, माणूस चष्मा कुठे ठेवला हे आठवतो तसे ते आठवत होते. आणि मी म्हटलं, "नाही सर... तसं काही आठवत नाही." माझी नोकरी कच्ची होती, घरी आबांचा विरोध, भीती वाटली. ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा दिली आहेत. सर म्हणाले, "मग चूक माझीच. आणि दुसरी त्याहून मोठी. आकडे माझ्या मनासारखे आले म्हणून मी तपासलेच नाहीत." कबूल करायला गेले आणि कबुलीही मी अर्धीच देऊन आले.

निबंध त्यांनी मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्या एरंडोलच्या डॉक्टरांची माफी मागितली, कारण न सांगता. पुण्याचं तिकीट रद्द केलं. त्या दिवसापासून पहिला पेशंट आत घेण्याआधी ते स्वतः तांब्याने नळीत शून्यापर्यंत पाणी भरायचे, आणि मी वाचायला उभी राहिले की विचारायचे, वर किती, खाली किती. पुढे चार वर्षं आम्ही मोजलं. एकदा एका बाईचं टेबल डोक्याकडून खाली झुकवलं आणि नळी एकदम वर तेरा, खाली तेरा दाखवायला लागली. हात आणि नळी दोन्ही एकच सांगत होते. सरांनी घशातली नळी दोन बोटं मागे ओढली आणि पाणी पुन्हा उतरलं. ती बाई दहाव्या दिवशी चालत घरी गेली. सरांनी त्या दिवशी सगळ्यांसाठी भजी मागवली. चार वर्षांच्या शेवटी आकडे आले ते पुस्तकातल्यासारखेच. आपल्या बायांची फुप्फुसं जगातल्या बाकीच्या बायांसारखीच निघाली, असं ते थोडं हिरमुसून, थोडं हसून म्हणाले. त्यात नवीन काही नव्हतं, त्यामुळे ते वाचायला कुणी बोलावलं नाही.

मी रावेरला परत आले, सर निवृत्त होऊन जळगावला राहायला गेले. फळी त्यांनी बरोबर नेली होती. दिवाळीला मी न चुकता जायची. फळी त्यांच्या खोलीत खिडकीशेजारी टांगलेली आणि पाणी कायम शून्यावर. अक्का फराळाची ताटली पुढे ठेवत आणि दरवर्षी कुठल्या तरी बोलण्यावरून तो विषय निघायचाच. "यांचं काय सांगता सिस्टर, सफारी शिवला, पेढे वाटले आणि ऐन वेळी इंग्रजीला घाबरून घरी बसले," असं त्या माझ्याकडे बघून हसत म्हणायच्या. पाहुण्यांसमोर म्हणायच्या, जावयासमोर म्हणायच्या. सर चकली मोडत हसायचे. माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, की मला अवघड वाटू नये. मी दरवर्षी ठरवून जायची, आज सांगायचंच. दरवर्षी फराळ खाऊन परत यायची. गेल्या दिवाळीला सरांना जिना चढताना धाप लागत होती. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "तुमच्याइतकं स्वच्छ अक्षर पुन्हा कुणाचं मिळालं नाही मला." मी बस पकडायचीय म्हणून घाईने उतरले.

मागच्या रविवारी मी जळगावला गेले. अक्का सरांच्या खोलीत बसल्या होत्या. पलंग काढलेला, खोली मोठी दिसत होती. भेटायला येणारे आता कमी झाले होते. बोलता बोलता सवयीने त्यांच्या तोंडून निघालंच, की आयुष्यात एकदा पुण्याला जायची वेळ आली होती, पण माणूस भित्रा... आणि त्या मधेच थांबल्या.

मी सांगितलं. सगळं. चिमटे लावत हो हो म्हटलं ते, एकच बाजू वाचली ते, आणि सरांनी विचारल्यावर आठवत नाही म्हटलं तेही. ते इंग्रजीला घाबरले नव्हते, माझं नाव निघू नये म्हणून ते गप्प राहिले. मी खाली बघत बोलत होते.

अक्का म्हणाल्या, "अकरा वर्षं मी त्यांना भित्रा म्हणत आले." मग म्हणाल्या, "तुम्ही समोर बसलेल्या असायच्या." मी म्हटलं, "हो." त्यावर मला माफ केलं किंवा नाही केलं, असं काही त्या बोलल्या नाहीत, आणि मी तेवढ्यासाठी थांबलेही नव्हते. मी पर्स उचलली, उठले.

तेव्हा माझं लक्ष फळीकडे गेलं. सर गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. लाल पाणी शून्याच्या तीन-चार बोटं खाली गेलं होतं, काचेसारख्या नळीवर आटल्याच्या पुसट रेघा उमटल्या होत्या. अक्कांनी माझी नजर कुठे गेली ते बघितलं. त्या आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. भरलेला तांब्या जड होता म्हणून मी त्याला खालून आधार दिला. दोघींनी मिळून बारीक धार धरली. पाणी हळूहळू चढत गेलं.

"झालं ना? आलं शून्यावर," अक्का म्हणाल्या. त्या त्यांच्या जवळच्या, उजव्या बाजूकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "अक्का, डावीकडेही बघायचं असतं."

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला, पदराने चष्मा पुसला आणि वाकून डावीकडे बघितलं. "इकडेही शून्यच," त्या म्हणाल्या.